धुरीपुरता कोळसा

शेजारच्या धुराड्यातून टर्फचा धूर आला की मला माझं बाळंतपण आठवतं. लॉकडाऊनमध्ये विमानं बंद झाली आणि त्यासाठीच आलेली आई आमच्याकडे आयर्लंडमध्ये, ल्यूकनला अडकली. बाळंतिणीला धुरी दिल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. धुरीला निखारा हवा, आणि दुकानातल्या कोळशाला रॉकेलसारखा वास. शेजारच्या आयरिश आजोबांनी कुंपणावरून टर्फ दिलं, म्हणजे त्यांच्या गावच्या दलदलीतली काळी माती कापून वाळवलेल्या, सरपणासारख्या जळणाऱ्या विटा. त्या पेटल्या, पण धुराने आईचेच डोळे चुरचुरले. तेव्हा आजोबा म्हणाले, "माझे खापरपणजोबा याचाच कोळसा पाडायचे. बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, त्यानंतर गावात तेवढंच काम होतं. विटा पेटवायच्या आणि वर माती लोटायची म्हणे. मी काही पाहिलं नाही." मी हे आईला मराठीत सांगेपर्यंत तिने जुनं पातेलं शोधलंसुद्धा. त्यात विटांचे तुकडे पेटवून तिने वर झाकण घातलं. पहिल्या दिवशी मी घाईने ते उघडलं आणि सगळ्याची राख झाली. "आता हात लावून तर बघ," म्हणत दुसऱ्या दिवशी तिने झाकणाच्या कडेला चिखल लिंपला आणि भर पावसात, माझा रेनकोट घालून, शेजारी बसून राहिली. संध्याकाळी काळेभोर, हलके तुकडे निघाले. माझ्या ओल्या केसांखाली निखाऱ्यावर ओवा तडतडला. एक तुकडा आईने आजोबांसाठी कुंपणावर ठेवला. त्यांनी तो उचलला, बराच वेळ पाहिला आणि चांगल्या कोटाच्या खिशात घातला. "अहो, जाळायला दिलाय!" आई मराठीतच ओरडली. माझी लेक आता शाळेत जाते. तो तुकडा त्यांच्या खिडकीत अजून आहे.