सेटिंगरावांचा पहिला खड्डा

सेटिंगराव चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. गिऱ्हाईकाला उंच खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की ते?" दिवसभर हेच. घरी आल्यावरही हेच, फक्त तिथे गिऱ्हाईक कुणी नसायचं.

घरी त्यांचा जीव जुन्या व्हिडिओ गेममध्ये अडकलेला. त्यांच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते कन्सोल केव्हाच भंगारात गेले, पण त्यांवरचे खेळ आता तळहाताएवढ्या यंत्रावर चालतात. त्यासाठी एम्युलेटर नावाचा प्रोग्राम लागतो. तो नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला लावतो. अशा यंत्रांनी सेटिंगरावांच्या कपाटाचा एक खण भरला होता. प्रत्येकात हजारो खेळ, प्रत्येक खेळाला त्याच्या मूळ खोक्यावरचं चित्र, आणि पडद्यावर जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा आडव्या रेघा. त्या रेघा जाड हव्यात की बारीक, यात त्यांची अख्खी उन्हाळी रजा गेली होती. ह्याच रेघांना वैतागून त्यांचे वडील टीव्हीला थपडा मारायचे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

सगळं मनासारखं लागलं की सेटिंगराव खेळ सुरू करायचे, पहिला पडदा निरखायचे, "लाल जरा भडक वाटतोय" म्हणायचे आणि बंद करायचे. ताटं घासूनपुसून मांडायची आणि जेवायचंच नाही, त्यातली गत. इंटरनेटवरच्या त्यांच्या मंडळात मात्र त्यांचा शब्द अखेरचा. तिथल्या नवख्यांना ते दरडावायचे, "कशालाही हात लावण्याआधी प्रत काढून ठेवा. नंतर रडत येऊ नका." नवखे बिचारे निमूटपणे प्रती काढायचे.

त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायचं काम करायची. एक दिवस ती दवाखान्याच्या जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये घेऊन घरी आली. तिच्या देखभालीला तिची आई, म्हणजे सेटिंगरावांच्या सासूबाई, येऊन राहिल्या. जावयाशी त्या कधी भांडल्या नाहीत. त्या नुसत्या बघायच्या, आणि सेटिंगरावांना भांडण परवडलं असतं असं वाटायचं.

पलंगावर पडून पडून बायको कंटाळली. "अहो, त्या ढिगातलं एखादं द्या की मला. वेळ जात नाही."

सेटिंगरावांनी खण धुंडाळून सगळ्यांत जुनं, काचेला चरा गेलेलं यंत्र काढून दिलं. चांगलं कसं देणार? त्याला हात लागले असते.

बायकोनं पहिला दिसला तो खेळ लावला. त्यात एक म्हातारा हातात कंदील घेऊन उंच मनोरा चढतो. वाटेत खड्डे, वटवाघळं, सटकत्या पायऱ्या. मजल्या-मजल्यावर एकेक विहीर. तिचं पाणी प्यायलं की तिथवरचा खेळ सेव्ह होतो. अगदी वर एक दार आहे आणि त्यामागे काय आहे ते कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी म्हातारा पहिल्याच खड्ड्यात इतक्यांदा पडला की सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, पळत ये आणि अगदी काठावर आल्यावर मार की उडी." म्हातारा पलीकडे गेला. तेव्हापासून दोघी मायलेकी रोज दुपारी त्या मनोऱ्यात असायच्या. लेक बटणं दाबायची, आई वाट दाखवायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा लावत आलेल्या बाईला काहीतरी निव्वळ स्वतःचं मिळालं होतं. ठणकत्या पायाचीही तिला आठवण राहायची नाही.

आणि एके संध्याकाळी म्हातारा शेवटच्या विहिरीपाशी पोचला. समोर दार. पण बॅटरी संपत आलेली. तिनं म्हाताऱ्याला पाणी पाजलं, यंत्र चार्जिंगला लावलं आणि आईला म्हणाली, "उद्या दार उघडू. परवा तू निघणार, तर बघूनच जा."

दुसऱ्या दिवशी सेटिंगरावांची साप्ताहिक सुट्टी. सकाळी त्यांची नजर त्या यंत्राकडे गेली आणि त्यांना राहवेना. एम्युलेटर जुना, रंग फिके, रेघा तर नाहीतच! त्यांनी एम्युलेटर बदलला, रेघा घातल्या. रंग तपासायला त्यांच्याकडे एक हुकमी सोय होती: याच खेळाचा अगदी सुरुवातीचा एक क्षण त्यांनी पूर्वी एम्युलेटरमध्ये जसाच्या तसा गोठवून ठेवला होता, मनोऱ्याच्या पायथ्याचा. तो त्यांनी परत आणला. लाल आता झकास होता. समाधानानं त्यांनी यंत्र बंद केलं.

गोठवलेला क्षण परत आणला की त्या वेळचं सेव्हही त्याच्यासोबत परत येतं आणि नव्या सेव्हच्या जागी जाऊन बसतं. हे सेटिंगरावांना ठाऊक होतं. मंडळात त्यांनीच ते शिकवलं होतं.

दुपारी बायकोनं यंत्र उघडलं. "अहो, माझा म्हातारा खाली कसा आला?"

सेटिंगरावांनी यंत्र हातात घेतलं आणि पडद्यावरचा मनोऱ्याचा पायथा पाहिला. "त्याचं काय आहे," ते म्हणाले, "मी जरा रंग नीट करत होतो. तर जुन्या क्षणाबरोबर..."

"म्हणजे तुम्ही पुसलंत," सासूबाई म्हणाल्या.

"पुसलं असं नाही. त्यावर दुसरं लिहिलं गेलं."

"म्हणजे पुसलंत."

"प्रत असेल ना?" बायकोनं विचारलं. "सगळ्यांना सांगत असता."

कधीही न खेळलेल्या हजारो खेळांच्या तीन-तीन प्रती सेटिंगरावांपाशी होत्या. बायको खेळत होती त्या एका खेळाची मात्र नव्हती. ती खरोखर खेळत असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. मग डोळे पुसून तिनं यंत्र त्यांच्याच हातात परत दिलं. "शेवटच्या विहिरीपर्यंत आणून द्या. दार मी उघडीन."

"मी?"

"आज सुट्टी आहे ना तुम्हाला?"

सेटिंगराव पलंगाच्या कडेवर बसले. पडदा देखणा दिसत होता, रेघा जिथल्या तिथे. त्यांनी म्हाताऱ्याला पळवलं, उडी मारली, आणि म्हातारा पहिल्या खड्ड्यात पडला. पुन्हा पळवलं, पुन्हा पडला. दोघी मायलेकी बघत होत्या. म्हातारा आणखी दोन-चारदा पडल्यावर सेटिंगरावांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं.

"बटण उशिरा लागतंय," ते म्हणाले. "सेटिंग बघायला हवं."

"काल माझ्या हातात वेळेवर लागत होतं," बायको म्हणाली.

सासूबाईंनी भिंतीपाशी भरून ठेवलेली आपली बॅग ओढून घेतली, उघडली, आणि त्यातल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवायला लागल्या.

"अंगण सरळ आहे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाचा. दार उघडल्याशिवाय मी काही हलत नाही."