करवंदांचे द्रोण

मी देवभोळा माणूस. तरी कबूल करतो, त्या उन्हाळ्यात माझा देवावर राग होता. बावन्नाव्या वर्षी, काही कारण नसताना, छाती धडधडायची, अंगाला घाम सुटायचा, आता आपण गेलोच असं वाटायचं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, त्रास मनाचा आहे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी तासभर झाडांमध्ये फिरायला सांगितलं. हृदयाचं काही निघालं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं! बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मी आणि मुलगी. तिला बंगळुरूला नोकरी लागली होती आणि माझ्यापायी ती रुजू व्हायची तारीख पुढे ढकलत होती. दुसऱ्यांदा ढकलली तेव्हा मला स्वतःची चीड आली.

मग मी संकल्प सोडला, महिनाभरात सव्वा लाख जप. बोटात अंगठीसारखं बसणारं जपाचं मशीन आणलं; अंगठ्याने बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. ते घालून बोरीवलीच्या नॅशनल पार्कात फिरू लागलो. डॉक्टरांचं फिरणं आणि देवाचा जप एकदम उरकायचा, असा माझा बेत. आजूबाजूला जंगल आहे, हे मला फक्त सावलीवरून कळायचं. नजर सगळी आकड्यावर.

पार्कातल्या पाड्यावरची एक वारली बाई रस्त्याकडेला करवंदं विकायला बसायची. एका सकाळी नेमका तिच्यासमोर मला तो धडधडीचा झटका आला. मी मटकन खाली बसलो. लाज वाटते सांगायला, पण अंगठा बटण दाबतच राहिला. तोंडात नाम नव्हतंच, ‘मेलो, मेलो’ एवढंच चाललं होतं आणि आकडा मात्र वाढत होता!

“काय झालं रं?” तिने विचारलं.

“भीती वाटते,” मी म्हणालो. इतकं खरं मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

“बस मग इथंच. मी हाय ना.”

तिने पाणी दिलं, आणि पळसाच्या पानांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. करवंदं द्यायला द्रोण लागतात. पान दुमडायचं, काडी टोचायची. बटण दाबता दाबता पान धरता येईना, म्हणून मशीन काढून खिशात टाकलं. पहिली दोन पानं फाटली.

“जोर नको लावू,” ती हसली. “पान आपणहून वळतं.”

तिसरं वळलं. केव्हातरी कानावर तांबट पक्ष्याची टुकटुक आली. तो आधीपासूनच ओरडत असणार. तापलेल्या मातीचा वास आला, पानांतून उतरलेलं ऊन तिच्या हातांवर हलताना दिसलं. काय सुंदर चालत होते ते हात! श्वास संथ झाला आणि त्याच्याबरोबर नाम आपोआप येऊ लागलं. किती वेळा, कोण जाणे.

देवाच्या अनुभवांच्या कथांमध्ये मदतीला आलेली माणसं नंतर सापडत नाहीत म्हणतात. ही बाई दुसऱ्या दिवशी तिथेच होती. “आलास? बस,” म्हणाली. देव मदतीला येतो तेव्हा असा साधाच येत असावा. संकल्प अपुरा राहिला. मी रोज झाडांखाली नुसता बसू लागलो. गोळ्या चालूच आहेत, झटके अजूनही येतात. पण कमी, आणि येऊन जातात. देवावर सोपवलं म्हणत म्हणत मी सगळं, अगदी लेकीलासुद्धा, घट्ट धरून बसलो होतो, हे मला तिथे कळलं.

मी तिला रुजू व्हायला सांगितलं. “बाबा, बरं असल्याचं नाटक नाही ना करत?” मुलीने विचारलं.

“थोडं करतोय. पण तू जा गं.”

तिला सोडायला विमानतळावर गेलो. ती दिसेनाशी झाली आणि मला रडू कोसळलं. शेजारच्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, बरा आहे हो, मुलगी गेली. कितीतरी महिन्यांनी मला भीती नव्हे, दुःख झालं होतं. कुठल्याही बापाला होतं तसं. तिथेच उभ्या उभ्या मी देवाला हात जोडले.