तिसाचा चाँद मागणारा बद्रुद्दीन

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी जुन्या नाशकातला आमचा अख्खा मोहल्ला गच्चीवर चढतो आणि एकच मागणं मागतो, की चाँद आजच दिसू दे. त्या गर्दीत एक माणूस मनातल्या मनात बरोबर उलटं मागत असतो. तो म्हणजे बद्रुद्दीन टेलर. चाँद दिसला तर उद्याच ईद. नाही दिसला तर आणखी एक रोजा, म्हणजे शिंप्याच्या हाताशी आणखी एक दिवस. आता सांगा, कुणाचं मागणं वर पोचणार? हजार माणसं एकीकडे आणि एक शिंपी एकीकडे.

दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मशीन आणि एक कापायचा फळा मावेल एवढी खोली. बारा-तेरा वर्षांचा असताना तो उस्तादाच्या हाताखाली काज-बटणं करायला बसला आणि तेव्हापासून त्याचा उजवा पाय काही स्वस्थ बसला नाही. मशीन समोर नसलं तरी पाय हलतो. चहाच्या टपरीवर हलतो, लग्नाच्या पंगतीत हलतो. "कबरीत तरी गप ठेवा तो," असं मेहरुन्निसा, त्याची बायको, वैतागून म्हणते. बद्रुद्दीन ओशाळून पायावर हात ठेवतो आणि मग त्याचा हात हलायला लागतो.

बाकीचे लोक चाँद वर्षातून दोन-तीनदा बघतात, बद्रुद्दीन महिनाभर बघतो. त्याला दुसरा उपायच नाही, कारण त्याचं सगळं काम त्यावर टांगलेलं. पहिल्या रोज्यांना संध्याकाळी पश्चिमेला नखाएवढा दिसून तो लगेच सूर्यामागोमाग बुडतो, तेव्हा बद्रुद्दीन येईल ते कापड घेतो. आठवड्याभरात इफ्तारच्या वेळी अर्धा चाँद डोक्यावर आला, की शेरवानी बंद. पुढच्या आठवड्यात सूर्य बुडता बुडता पूर्वेच्या कौलांवरून पुरा गोल वर येतो, त्या दिवशी दाराला 'ऑर्डर बंद' पाटी लागते. मग तो रोज उशिरा उगवायला लागतो, संध्याकाळचं आकाश रिकामं होतं, आणि बद्रुद्दीनची गाठ त्याच्याशी पहाटे सहेरीला, रोजाआधी खायच्या वेळी, पडायला लागते. उरलेला अर्धा चाँद सहेरीला डोक्यावर दिसला, की काज-बटणं सुरू. तो झिजत झिजत पूर्वेला उजाडण्याआधीची एक रेघ झाला, की इस्त्री. त्यानंतर दिसेनासा होतो आणि पुन्हा दिसतो तो पश्चिमेला, ईदचा होऊन.

शेजारी दीपकचं दोऱ्या-बटणांचं दुकान. त्याची संकष्टी असते. तो एकदा म्हणाला, "बद्रू, माझा चंद्र उगवायला उशीर करतो म्हणून मी उपाशी, आणि तुझा बुडायची घाई करतो म्हणून तुझी धावपळ. एकच चंद्र, दोघांना छळतो." बद्रुद्दीनला हे फार पटलं होतं.

यंदा मात्र चाँदाने त्याला खिंडीत गाठलं. झालं असं, की खुशनुमा, त्याची एकुलती एक मुलगी, हिवाळ्यात ओझरला लग्न होऊन गेली. लग्नानंतरची पहिली ईद म्हणजे मुलीच्या बापाने सासरच्या घरी कपडे पाठवायचे, ही आमच्याकडची रीत. बाप शिंपी, तेव्हा दुकानातून आणलेले कसे चालतील? शिवाय आत एक काटा रुतलेला होता. व्याही विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सोयरिकीच्या बैठकीत ते हसत हसत म्हणाले होते, "आमच्या कामात केसभर चुकलं तरी विमान पडतं, बद्रुद्दीनभाई. तुमचं बरं आहे, कापड इंचभर इकडेतिकडे झालं तरी चालतं." सगळे हसले, बद्रुद्दीनही हसला. घरी येऊन त्याला जेवण गेलं नाही. तेव्हापासून ओझरला जायचं तर तो गळ्यातली टेप आठवणीने काढून ठेवायचा, बोटांवरचे खडूचे डाग साबणाने घासायचा. आपण शिंपी आहोत याची त्याला लाज वाटायला लागली होती, आणि लाज वाटते याचा राग यायला लागला होता.

तर व्याह्यांना असा कुर्ता शिवून द्यायचा की ईदगाहवर चार जणांनी विचारावं, कुठून आणला. एक त्यांचा, एक जावयाचा, एक जावयाच्या भावाचा. तीन जोड. कापड रमजानच्या आधीच घेऊन ठेवलेलं. पण गिऱ्हाईक आधी, घरचं नंतर, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. त्यात दुसऱ्या मशीनवरचा कारागीर मध्येच गावी निघून गेला. कपडे ढीगभर, हात दोन. तेव्हा बद्रुद्दीनने उस्तादाचा जुना ठोकताळा धरला. उस्ताद म्हणायचे, अठ्ठाविसाव्या सहेरीला पूर्वेला जुना चाँद दिसला, की तो अजून बुडालेला नाही, म्हणजे नवा निघायला वेळ आहे, म्हणजे महिना तिसाचा. बद्रुद्दीन अठ्ठाविसाव्या सहेरीला गच्चीवर गेला. दिसला. अगदी बारीक, क्षितिजाला टेकलेला, पण दिसला. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि ओझरचे तीन जोड नुसते कापून ठेवले. शिवायला अख्खा तिसावा दिवस आहेच.

उस्तादांचा ठोकताळा बहुतेक वेळा खरा ठरतो. पण तो उस्तादांना पाठ होता, आकाशाला कुणी शिकवला होता?

एकोणतिसाव्या संध्याकाळी बद्रुद्दीन खजूर आणि पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर गेला. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारे अवकाळी ढग दुपारपासून जमलेले होते आणि त्र्यंबकच्या डोंगरांकडची बाजू पुरती झाकली होती. ते बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. अजान झाली, खजूर तोंडात टाकला. खालची पोरं काही दिसेना म्हणून दुसऱ्या गच्चीकडे पळाली. आणि तेवढ्यात, सूर्य बुडाला होता त्याच्या वर चारेक बोटं, ढगाला एक फट पडली.

फटीत चाँद होता. दोन्ही टोकं वर करून उताणा पडलेला, गळ्याच्या आकारावर खडूची खूण करतात तेवढा. बद्रुद्दीनने डोळे मिटले आणि उघडले. होताच. त्याचा पाय थांबला, एवढं मला सांगितलंच पाहिजे. मग ढग सरकला आणि फट बुजली.

"दिसला, मी बघितला," पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला. मुन्ना रिक्षावाला. आता मुन्नाचं नाव ऐकून मोहल्ला हसणार हे ठरलेलंच, कारण मुन्नाला दर वर्षी सगळ्यांच्या आधी चाँद दिसतो. एकदा त्याने विमानाने मागे सोडलेल्या धुराच्या रेघेला चाँद ठरवून अर्ध्या गल्लीला मिठ्या मारल्या होत्या. सगळे धावत आले, सगळ्यांनी पश्चिमेला बोटं केली, आणि सगळ्यांना ढगच दिसले.

"बद्रूचाचा, तुम्ही पण तिकडंच बघत होते ना?" मुन्नाने विचारलं.

"ढग आहेत रे," बद्रुद्दीन म्हणाला आणि जिना उतरला.

तो खोटं बोलला नव्हता. ढग होतेच. पण जिन्याच्या प्रत्येक पायरीला ते वाक्य त्याच्या तोंडात कडू होत गेलं. नमाजनंतर मशिदीत माणसं थांबली. मालेगावला फोन झाला, मुंबईला झाला, सगळीकडून एकच निरोप, की ढग आहेत, वाट बघतोय. मौलानांनी मुन्नाला पुढे बसवून नीट विचारलं. कुठे दिसला, किती वर, टोकं कुणीकडे. मुन्नाने सगळं बरोबर सांगितलं. "होडीसारखा उताणा होता," असंही म्हणाला. मागून कुणीतरी म्हटलं, "या खेपेला होडी का? मागं विमान होतं." लोक हसले.

मौलाना हसले नाहीत. ते म्हणाले, "ईदच्या चाँदाला एकाची साक्ष, एकाची शहादत पुरत नाही. दुसरा कुणी आहे?"

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बद्रुद्दीन बसला होता आणि त्याचा पाय नुसता धावत होता. गप्प बसलं की काय होणार? काही नाही. उद्या तिसावा रोजा. पहाटे फज्रच्या नमाजनंतर बसलं तर चार वाजेपर्यंत तीन जोड, संध्याकाळी मुलीच्या हातात. व्याही बघत राहतील. आणि बोललं तर? पहिल्याच ईदला पोरीचा बाप रिकाम्या हाताने. सासरचे तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण पोर दिवसभर त्यांची तोंडं बघत राहील. त्याला ते आत्ताच दिसत होतं. पण दुसरीकडे, ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम. उद्या या सगळ्यांना, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, आपल्याच बायकोला, त्या खुशनुमालासुद्धा, तो आपल्या एका कुर्त्यापायी उपाशी ठेवणार होता. आणि तो मुन्ना. आयुष्यात एकदा खरं बोलला, तर खाली मान घालून बसलाय, आणि डोळ्यांत पाणी आलंय ते बाहीने पुसतोय.

"कुणी नसेल तर तिसाचं जाहीर करू," मौलाना म्हणाले.

"मी पाहिला," बद्रुद्दीन म्हणाला. आवाज एवढा बारीक निघाला, की त्याला उठून उभं राहून पुन्हा म्हणावं लागलं. "मी शहादत देतो. मुन्ना सांगतो तिथंच होता. उताणाच होता."

मौलानांनी चष्म्यावरून बघितलं. "मग इतका वेळ?"

सबबी सांगण्यात शिंप्याचा हात कोण धरणार? पण त्या वेळी त्याला एकही सुचली नाही. "माझे कपडे शिवून व्हायचे होते," तो म्हणाला.

कुणीतरी कुजबुजलं, "टेलरचा शब्द कधीपासून धरायला लागलो आपण?" मौलाना म्हणाले, "टेलर उशीर करतो, पण देतो." आणि त्यांनी माइक मागवला.

पुढचं सांगायला नको. गल्लीत दिवे लागले, मुन्नाला लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि बद्रुद्दीनच्या दुकानासमोर रांग लागली. सगळ्यांचे कपडे तयार होते, इस्त्री करून टांगलेले. मेहरुन्निसा नावं वाचून देत होती. रात्री अकरा वाजेपर्यंत एकेक हँगर रिकामा होत गेला आणि फळ्यावर ओझरचे तीन जोड उरले, कापलेले, न जोडलेले. मेहरुन्निसाने त्यांच्यावरचे धागे झटकले आणि ते एकावर एक नीट रचून ठेवले. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याने ओझरला फोन लावला.

"अब्बा, चाँद मुबारक," खुशनुमा म्हणाली. "इथं सगळे खूश आहेत. नाशिकला दोघांनी पाहिला म्हणतात."

"दुसरा मी," बद्रुद्दीन म्हणाला आणि मग त्याला सगळंच सांगावं लागलं. ठोकताळा, ढग, जिना, कापलेले जोड. "गप्प बसलो असतो तर उद्या संध्याकाळी तुझ्याकडं कपडे पोचले असते, बेटा. मला माफ कर."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कापलेले आहेत ना? तसेच घेऊन या. माझं मशीन इथं आहेच, घरातलं हातमशीन पण घ्या. एक तुम्ही शिवा, एक मी शिवते, तिसऱ्याला अम्मी बसेल. मुन्नाभाईंची रिक्षा सांगा."

बद्रुद्दीनचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. "तिथं? तुझ्या सासऱ्यांच्या बैठकीत मशीन मांडू? त्यांच्यासमोर बसून शिवू?"

"त्यांच्यासमोर नाही तर कुणासमोर, अब्बा," खुशनुमा म्हणाली. "कुर्ता त्यांचाच आहे."