पुलीची जट

"डॉक्टर, पुली से बास आ रही है. जल्दी आओ."

सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या शेठजींचा फोन होता. मी जनावरांचा डॉक्टर. मिलमध्ये पुलीला वास आला तर पट्टा जळत असणार, फिटरला बोलवायला हवं, एवढं मलाही कळत होतं. तसं सांगितलं. शेठजी दुखावले.

"अरे, मशीन की नहीं! मेरी हंगेरियन पुली!"

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या पैसेवाल्यांकडे पॉमेरेनियन असे, फार तर अल्सेशियन. पुली मी फक्त पुस्तकात पाहिली होती. ही हंगेरीची, मेंढ्या राखणारी जात. आतले मऊ केस आणि वरचे राठ केस एकमेकांत गुंततात आणि अंगभर दोऱ्या लोंबू लागतात. थंडीवाऱ्यात उपयोगी. पांडेसऱ्यात थंडी नव्हती, मेंढ्याही नव्हत्या. पाहुणे मात्र होते.

मिलच्या आवारातच बंगला. पुलीचं नाव राणी; ती ओट्यावर पडली होती. तोंड कोणत्या बाजूला आहे ते गुरगुरल्यावर कळलं. त्या टोकाला हळदकुंकू होतं.

तिची देखभाल विमलबाईंकडे. त्या धुळ्याकडच्या, नवरा मिलमध्येच कामाला.

"आंघोळ कधी घालता?"

"दर शुक्रवारी."

"वाळवता कशी?"

"वाळवायचं काय? आपोआप वाळते."

"दोऱ्या सोडवता?"

विमलबाईंनी कानाला हात लावला. "हाई देवीनी जट शे, डॉक्टरसाहेब. जटले बोट लावतस का कोणी?"

पुलीला फणी लागत नाही हे खरं. पण दोऱ्या कातडीपासून हाताने एकेक वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर त्यांचं घोंगडं होतं. आंघोळीनंतर टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि दिवसभर पंख्याखाली ठेवायचं. सुरतेच्या हवेत ओलं घोंगडं आपोआप वाळत नाही, कुजतं.

"मैंने भी मना किया था," शेठजी म्हणाले. "नॅचरल लुक बिगड़ता है."

एकीकडे भक्ती, दुसरीकडे प्रतिष्ठा. मधल्या कुत्रीला दोन्हींचा वास सारखाच.

मी केस कापायचं मशीन काढलं. सगळे केस उतरवायला हवे होते; कुजलेल्या कातडीचं विष रक्तात गेलं की मग इलाज नसतो.

विमलबाई आडव्या आल्या. "मनी पोर पोटुशी शे. जट कापानं पाप तिना माथावर येई."

शेठजींचं दुखणं वेगळं होतं. "मंगळवारे मंत्रीसाहेब आवे छे. फोटा पछी कापो ने!" फोटो निघेपर्यंत त्यांना दोऱ्या हव्या होत्या.

मी वाद घातला नाही. राणीच्या मांडीवरचं घोंगडं दोन्ही हातांनी फाकवलं आणि विमलबाईंना जवळ बोलावलं. आत अळ्या वळवळत होत्या.

त्यांनी वाकून पाहिलं. मग पदर खोचून खाली बसल्या आणि राणीचं डोकं मांडीवर घेतलं.

"देवीनी जटमा किडा पडतस नहीत. कापी टाका."

"पण फोटा..."

"शेठ, पग पकडो!" विमलबाई ओरडल्या.

शेठजींनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणाचे पाय धरले.

टर्पेंटाइनचा बोळा लावला की अळ्या श्वासासाठी वर येतात. चिमट्याने वेचल्या, जखम धुतली, इंजेक्शनं दिली. सगळं उतरल्यावर ओट्यावर एक किडकिडीत, संकोचलेली कुत्री उरली. विमलबाईंनी कापलेल्या जटा फडक्यात बांधल्या आणि नारळ घेऊन तापीवर गेल्या.

मंगळवारी मंत्री आले. शेठजींनी ओळख करून दिली, "समर मॉडेल है, साहब." मंत्र्यांनी जाणत्यासारखी मान हलवली. फोटो निघाला.

राणी वाचली. पुढे विमलबाईंची लेकही सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. राणीचे केस पुन्हा वाढले तेव्हा विमलबाई दर शुक्रवारी आधी हळदकुंकू लावत, मग पंख्याखाली बसून एकेक दोरी बोटांनी सोडवत. याला त्यांनी 'देवीनी येनी', म्हणजे देवीची वेणी, असं नाव दिलं. मी हरकत घेतली नाही. कातडी कोरडी राहत असेल तर नाव काही का असेना.

माझ्यापुरता धडा एवढाच: मिलवाल्यांचा फोन आला की पुली भुंकते का, ते आधी विचारून घ्यावं.