मराठी जेवणाचा शनिवार

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटली तेव्हा मी गेस्ट हाऊसच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून मॅट्रिक होऊन आलेला, वडील धानाची शेती करणारे. टायपिंग नागपुरात शिकलो आणि त्याच जोरावर नोकरी लागली. माझं रोजचं काम म्हणजे दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाचं मेनू-कार्ड टाइप करणं.

गेस्ट हाऊस म्हणजे नुसत्या खोल्या नव्हत्या. मागे मोठी बाग होती, तिच्यात गोल फिरणारा लोखंडी पाळणा, मुलांसाठी घसरगुंड्या, आणि एक उथळ तलाव. त्यात चार नावा सोडलेल्या. चहूकडे लाल धूळ, ट्रक, अर्धवट उभे राहिलेले क्वार्टर, आणि मधेच ही हिरवळ. रविवारी साहेबलोक बायकामुलांना घेऊन तिथे येत. जेवायच्या जागा तीन. आतला हॉल रशियन तज्ज्ञांसाठी, व्हरांडा आपल्या अधिकाऱ्यांसाठी आणि हिरवळीवरच्या खुर्च्या बाकीच्यांसाठी. आम्ही कर्मचारी कोळशाच्या कोठीजवळ उभ्यानं खायचो.

जेवणाबद्दल लोक नाराज असत. सूचनांच्या वहीत ते लिहीत, "रोज तेच तेच." खरंच होतं ते. सकाळी मोठं पातेलं भरून लाल रस्सा व्हायचा. त्यात बटाटे पडले की एक नाव, कोबी पडली की दुसरं, अंडी पडली की तिसरं. ही नावं मीच टाइप करायचो, त्यामुळे कार्डावरचं वैविध्य कशाचं आहे ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भाऊजी, त्याच सुमारास ताईला घेऊन भिलाईत आले आणि मातीकामावर लागले. डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर पाया भरायचे. पण गावाकडे हाच माणूस आजूबाजूच्या दहा खेड्यांत लग्नाच्या स्वयंपाकाला बोलावला जायचा. पाचशे माणसांची पंगत असो, ते चुलाणाजवळ उभे राहून नुसत्या वासावरून मीठ कमी आहे की जास्त ते सांगायचे. त्यांच्या पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्यासाठी लोक दुसऱ्यांदा पंगतीत बसायचे. उन्हानं काळवंडलेली त्यांची पाठ पाहून मला राहवलं नाही. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं आणि त्यांनी भाऊजींना किचनमध्ये हेल्पर म्हणून ठेवून घेतलं.

मॅनेजर पंजाबकडचे होते. आधी फौजेच्या मेसमध्ये काम केलेले, आवाज मोठा, पण माणूस वाईट नव्हता. सहा महिन्यांत भाऊजींनी त्यांना जिंकलं. रशियन लोकांचं बीटाचं सूप ते एकदा पाहून शिकले. मुख्य खानसामा आजारी पडला की किचन तेच सांभाळायचे. पुढच्या भरतीत त्यांना कुक करायचं, असं साहेब सगळ्यांसमोर बोलले होते. ताईनं त्या आठवड्यात मला जेवायला बोलावून पुरण घातलं.

सूचनांच्या वहीला कंटाळून साहेबांनी एक बेत काढला. दर शनिवारी संध्याकाळी बागेत एकेका प्रांताचं जेवण ठेवायचं. कारखान्यात सगळ्या देशातली माणसं होतीच. पंजाबी शनिवार झाला, मग बंगाली, मग मद्रासी. त्या त्या प्रांतातल्या बायका दुपारपासून किचनमध्ये येऊन बसायच्या, खानसाम्याला दटावायच्या, संध्याकाळी ठेवणीतली पातळं नेसून हिरवळीवर मिरवायच्या. बंगाली शनिवारी तर मासे कलकत्त्याच्या गाडीनं बर्फात आले. लोक कार्ड घरी घेऊन जायचे. मी टाइप केलेलं कार्ड कोणी जपून ठेवल्याचं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

एके दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "बाबूजी, अगला शनिवार मराठी. आपका खाना आप जानो. मेनू बनाके लाओ."

मी किचनमध्ये जाऊन भाऊजींना सांगितलं. ते कांदा चिरत होते. विळी बाजूला ठेवून ते उभेच राहिले.

"सांगू का तुले?" ते म्हणाले. "पाटोडीचा रस्सा. लग्नातली वांग्याची भाजी. गोळाभात, वरून कडकडीत तेल. उडदाचे वडे आन् कढी. गोडाले पुरणपोळी. एकही माणूस अर्ध्या पोटी उठणार नाई, बाबू."

मी मान डोलावली आणि टेबलाशी येऊन बसलो. मशीनमध्ये कागद चढवला. आणि माझी बोटं चालेनात.

आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एक पुण्याकडचे इंजिनिअर बसत. त्यांच्या बाई कधी कधी गेस्ट हाऊसवर येत. एकदा फोनवर मी "मले मालूम नाई" म्हणालो, ते ऐकून त्या हसल्या होत्या. वाईट हसल्या नव्हत्या, पण मला ते लागलं होतं. तेव्हापासून मी ऑफिसात जपून बोलायचो. त्या दिवशी तो कागद पाहताना मला हिरवळीवरचे सगळे साहेब दिसायला लागले. आमची तर्री त्यांच्या पांढऱ्या शर्टांवर सांडणार, भातातले बेसनाचे गोळे पाहून कोणीतरी विचारणार की हे काय आहे, आणि त्या बाई पुन्हा हसणार.

मग मी टाइप केलं : श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात, अळूवडी, मठ्ठा. यातला एकही पदार्थ माझ्या आईनं कधी केला नव्हता. नागपूरच्या एका वसतिगृहात सणाच्या दिवशी मी ते जेवलो होतो, आणि खरं मराठी जेवण ते, असं तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं.

भाऊजींना वाचता येत नव्हतं. मी त्यांना वाचून दाखवलं.

"आन् पाटोडी?"

"या वेळी नको, भाऊजी."

"कावून?"

"मोठे लोक आहेत. त्यांना असंच चालते."

"अळूवडी म्या कधी केली नाई गा."

"मी विचारून सांगतो."

"येका बाजूले थोडीशी पाटोडी करून ठेवतो मंग. कोणी मांगलीच तं."

"नको म्हटलं ना." माझा आवाज चढला. खानसाम्यानं वळून पाहिलं. भाऊजींनी विळी पुन्हा पुढे ओढली.

पाककृती मी एका ओळखीच्या कारकुनाच्या घरून उतरवून आणली, तीही अर्धवट. अळूची पानं सुपेल्याच्या बाजारातून आली. छत्तीसगढी बाया अळूला कोचई म्हणतात. भाऊजींनी पान हातात चोळून पाहिलं आणि म्हणाले, "हे पान खाजरं आहे. याले चिंच दाबून लागते, नाई तं गळा धरते."

कागदावर मी चिंच लिहून आणली होती, पण किती ते लिहिलं नव्हतं. मला आठवत होती ती वडीची गोडसर चव. मी म्हणालो, "इतकी चिंच नको, आंबट होईल. गूळ वाढवा."

"बाबू, ऐक—"

"मी सांगतो तसं करा."

त्यांनी तसं केलं. श्रीखंडाचं तर आधीच बिनसलं होतं. पावडरच्या दुधाचं दही, ते टांगूनही नीट निथळेना, वाटीत पाणी वेगळं आणि गोळे वेगळे. शनिवारी संध्याकाळी बागेत दिवे लागले, पाळणा फिरत होता, माणसंही भरपूर आली. पहिल्या दहा मिनिटांतच खोकला सुरू झाला. अळूवडी आधी वाढली होती. कोणी घसा खाकरत होतं, कोणी पाणी मागत होतं. एका रशियन बाईनं गळ्याशी हात धरला आणि तिच्या नवऱ्यानं घाबरून डॉक्टरला बोलावणं धाडलं. तसं काही झालं नाही, तासाभरात सगळ्यांचे घसे मोकळे झाले. पण जेवण तिथेच संपलं. लोक पुऱ्या तशाच ठेवून उठले.

त्या इंजिनिअरच्या बाई माझ्याजवळ आल्या. मी खाली पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडची ती पाटोडी का नाही केली? आमच्याकडे काम करणाऱ्या बाईनं एकदा करून घातली होती. मी तर मुद्दाम तिच्यासाठी आले होते. श्रीखंड काय, घरी होतंच."

मी जवळचं एक ताट उचललं आणि किचनकडे निघालो.

साहेब किचनमध्ये आले. चेहरा लाल. "किसने बनाया ये?"

भाऊजी पुढे झाले. "म्या बनवलं, साहेब."

"पता नहीं था, पत्ता खुजली करता है?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पता था," ते म्हणाले.

"फिर?"

ते खाली पडलेली अळूची पानं गोळा करायला लागले. मी दारात उभा होतो, चार हातांवर. "साहेब, मी सांगितलं होतं त्यांना" एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्यांची कुकची जागा जाणार होती, पण माझ्याही बढतीची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. आता सांगतो.

सोमवारी त्यांना किचनमधून काढल्याचा हुकूम निघाला. साहेबांनी तोंडी सांगितला आणि टाइप मीच केला. तीन प्रती, कार्बन घालून. भाऊजी आले, अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या झोपडीवर गेलो तेव्हा ताई दारातच बसली होती.

"त्यांनी मले काही सांगतलं नाई," ती म्हणाली. "खानसाम्याच्या बायकोनं सांगतलं. तू तिथंच होतास ना?"

"होतो."

"आन् तुया तोंडातून येक शब्द निंघाला नाई?"

मी म्हणालो, साहेब ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ती उठून आत गेली. मला बस म्हणाली नाही.

मराठी शनिवार पुन्हा कधी झाला नाही. साहेबांनी तो बेतच गुंडाळला, आणि सूचनांच्या वहीत पुन्हा "रोज तेच तेच" सुरू झालं. मला बढती मिळाली. भाऊजी पुन्हा मातीकामावर गेले, मग खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलणारे कामगार, म्हणून कारखान्यात लागले, भट्टीच्या धगीत उरलेली सगळी वर्षं काढली. वाईट नाही झालं त्यांचं, असं लोक म्हणतात. कायम नोकरी, क्वार्टर, पुढे दुर्गला मोहन नगरात दोन खोल्यांचं घर. पण चुलाणाजवळ ते पुन्हा उभे राहिले नाहीत. गावाकडून बोलावणी आली, तर पाठ दुखते म्हणायचे. माझ्या मुलीच्या लग्नात मी स्वतः जाऊन विनवलं. ते आले, पाहुण्यासारखे पंगतीत बसले आणि भाड्यानं आणलेल्या आचाऱ्यानं केलेलं जे वाढलं ते खाल्लं. मीठ कमी होतं. ते काही बोलले नाहीत.

ते निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ताई शेजारी गेली होती. बाजेवर आम्ही दोघंच. इतक्या वर्षांनी मी कसंबसं म्हणालो, "भाऊजी, त्या दिवशी चिंच मी कमी करायले लावली होती. चूक माझी होती."

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "चिंचेचं काय घेऊन बसला. पाटोडी नको म्हणला तू, ते लागलं."

मग ते उठले, आत जाऊन पाणी प्याले आणि कितीतरी वेळ बाहेर आलेच नाहीत. मी चपला घातल्या आणि निघालो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. ताई आजही माझ्याशी बोलते, सणावाराला येते, मुलांची चौकशी करते. पण माझ्या घरी ती जेवत नाही. घरून खाऊन आले, म्हणते.