पडद्यावरचा कापूस

नत्थुजींना, म्हणजे माझ्या बाबांना, खोटं बोलता येत नसे. लोक याला गुण म्हणत. त्यापायी माझी दोन स्थळं मोडली होती, म्हणून मी म्हणत नसे. पहिल्या पाहुण्यांना बाबांनी त्यांच्याच बैलाचं खरं वय सांगितलं, दुसऱ्यांना त्यांच्याच मुलाचं.

तिसरं स्थळ अडुसष्ट साली दर्यापूरच्या खुशालरावांकडचं आलं. मुलगा किसन शाळेत मास्तर होता आणि मला तो मनापासून आवडला होता. साक्षगंधाची तारीख ठरायची तेवढी बाकी होती. तोच निरोप आला, की किसनच्या थोरल्या भावानं, ओमप्रकाशनं, मुंबईहून सिनेमा काढून आणलाय, रविवारी सकाळी अकोल्याच्या टॉकीजमध्ये दाखवणार आहे, सगळ्यांनी यावं.

मूर्तिजापूरहून गाडी निघाल्यापासून आई एकच सांगत होती, सिनेमा कसाही असो, विचारलं तर छान म्हणायचं. बाबांनी कबूल केलं. तरी टॉकीजच्या दारात तिनं त्यांच्या तोंडात सुपारीचं चांगलं मोठं खांड कोंबलं.

सिनेमा सुरू झाला. एक माणूस भिंतीकडे पाहत बसला. बराच वेळ बसला. मग नळ गळू लागला. गाणं नाही, मारामारी नाही, कोणी कोणाशी धड बोलत नाही. एक बाई आली, तीही भिंतीकडे पाहून निघून गेली. ओमप्रकाशचे दाढीवाले मित्र मधूनच 'वा' म्हणत, तेव्हा माझ्या अंगाची लाही होई. बाबांच्या खुर्चीची करकर बायकांच्या बाजूपर्यंत ऐकू येत होती. मला धास्ती होती ती त्यांच्या जिभेची.

तास-दीड तासानं पडद्यावर कापसाचं वावर आलं. सगळी बोंडं फुटलेली, आणि मधोमध तोच माणूस ढिम्म उभा. वारा सुटला. कापूस लोंबू लागला, मातीत पडू लागला. माणूस हलेना. टॉकीजमधले सगळे कास्तकार पुढे सरकून बसले. बाबांनी सुपारी थुंकली आणि ते उभे राहिले.

"उभा काय राहून राहिला? वेच ना बाप्पा. सारा मातीत चालला."

मग कोणालाच धीर धरवेना. कोणी मजूर बाया बोलवायला सांगत होतं, कोणी वावराच्या मालकाला शिव्या घालत होतं. ओमप्रकाश तणतणत बाहेर गेला. आईनं पदरात तोंड लपवलं. मी मनातल्या मनात किसनचा निरोप घेतला.

दिवे लागले, आई नि मी बाबांपाशी पोचलो, तोच खुशालराव सरळ आमच्याकडे आले. बाबा हात जोडणार, तेवढ्यात त्यांनीच बाबांचे हात धरले. त्यांचे डोळे भरले होते.

"माह्यंच वावर व्हय थे," ते म्हणाले. "पंधरा दिवस वेचू देल्लं नाई पोरानं. घरात सारे म्हणे, बुढ्याले कला समजत नाई. मले वाटे, मीच येडा."

"येडे नाई तुमी," बाबा म्हणाले. "पण त्याचं आयकून थांबले, हे चुकलंच तुमचं."

आईनं डोळे मिटले. खुशालराव मात्र पोट धरून हसले, आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांनी तिथंच साक्षगंधाचा दिवस विचारला. आमच्या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस पाहिजे म्हणाले, आणि माझ्याकडे बोट करून आईला विचारलं, ही वच्छला कोणावर गेली?

आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिच्यावर गेलेय असं सांगणारी आई चटकन म्हणाली, "सारी बापावरच गेली."