रिपोर्टातले लाल बाण

महिन्यातून एकदा लॅबच्या बाकड्यावर बसायचं. तीन वर्षांत घरात रिपोर्टांची पिशवी भरली आणि माझ्याकडे किश्शांची. पिशवी मला वाचता येत नाही. किस्से मात्र पाठ!

माझी नात सायली, पंचवीसची. तिचं शरीर स्वतःच्याच रक्ताशी भांडतं, गुठळ्या होतात. एक पायात झालेली. दुसरी फुप्फुसात गेली तर संपलं, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. बाकड्यावर शेजारी मुरुडची हमीदाबी. तिच्या लेकीला, नसीमालाही हाच आजार. हमीदाबी शिकलेली, दोघींचे रिपोर्ट तीच वाचायची.

*

पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, "सूज वाढलीय." मी घरी जाऊन सायलीच्या पायाला आंबेहळद लावली. पुढच्या वेळी ऐटीत सांगितलं.

"चोळलंत नाही ना, आजी?"

"चोळल्याबिगर जिरंल कशी?"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच! "सूज शिरांच्या आत आहे, ती रक्तात दिसते. चोळून गुठळी सुटली असती तर?"

*

नसीमाची शीर सापडेना. लॅबवालीने तीनदा टोचलं. "कुठं लपवल्यास गं शिरा?"

"सासरी ठेवून आले," नसीमा म्हणाली. "तिकडे रोज लागतात!"

हमीदाबीने ओढणी तोंडाला लावली. हसत होती की काय, कळलं नाही.

*

लॅबवालीने मला खूण शिकवली. वरची ओळ सुजेची, खालची रक्ताच्या पातळपणाची. आकडा जास्त झाला की पुढे लाल बाण.

ऋषिपंचमीनंतरच्या रिपोर्टात एकही बाण नाही! मी अख्ख्या बाकड्याला पेढे वाटले. डॉक्टरांनाही दिला. तो त्यांनी हातातच धरला.

"आजी, सुजेला बाण नको, पण पातळपणाला हवाच. हिचं रक्त घट्ट झालंय. खाल्लं काय हिने?"

ऋषीची भाजी. अळू, माठ, भोपळ्याचा पाला. टोपभर केलेली, तीन दिवस मीच वाढलेली. पाल्याने रक्त पातळ करायच्या गोळीचा जोर जातो म्हणे.

हमीदाबी हळूच म्हणाली, "बाय, पेढा परत देऊ?"

*

नसीमा मंगळवारी रक्त देऊन घरी गेली. गुरुवारी वारली. गुठळी फुप्फुसात.

पुढच्या महिन्यात हमीदाबी एकटीच एसटीने आली. नसीमाचा राहिलेला रिपोर्ट तिने खिडकीतून घेतला आणि घडी न मोडता माझ्या हातात दिला.

"वाच, बाय."

"मला कुठं वाचता येतं?"

"म्हणून तर तुला दिला."

आत सायलीला सुई टोचत होते. मी घडी उघडली. वरच्या ओळीपुढे लाल बाण. खालच्या ओळीपुढे काही नाही.

"सुजेला बाण न्हाय," मी म्हटलं. "पातळपणाला हाय."